पेडर रोडची दुसरी चढण आणि खिशातला खजूर

मुंबई मॅरेथॉनमध्ये फुल, म्हणजे पूर्ण बेचाळीस किलोमीटर, धावलेल्या कुणालाही विचारा, तो तुम्हाला दोन पेडर रोड सांगेल. पहिला पहाटेच्या अंधारातला. पाय ताजे असतात, शेजारच्याशी गप्पा चालू असतात, चढण कधी आली नि गेली कळतही नाही. दुसरा परतीचा, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपासचा. रस्ता तोच, पण आता तो भिंतीसारखा समोर उभा राहतो.

माझ्या पहिल्या फुलला त्या दुसऱ्या पेडर रोडवर मी चक्क फुटपाथवर बसकण मारली. पाय फारसे दुखत नव्हते, दम लागला नव्हता, पोटरीत गोळाही आला नव्हता. कुणीतरी घराचा मेन स्विच पाडावा तसं झालं. बेचाळीसातून छत्तीस गेले किती उरले, एवढी वजाबाकी मला जमेना. एक आजी ताटात संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. त्या "घे रे बाळा" म्हणाल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळिशीचा बाप्या संत्र्याच्या फोडीवरून रडतोय! रक्तातली साखर घसरली की माणूस असाच मठ्ठ आणि हळवा होतो, हे मला नंतर वाचून कळलं.

घरी आल्यावर आईने शॉर्ट्स धुवायला टाकताना खिशातून दोन जेल (धावताना खायच्या गोड, घट्ट पाकाच्या पुड्या) काढली. न फोडलेली. "हे औषध घ्यायचं राहिलं वाटतं तुझं?"

तिने गमतीत म्हटलं, पण निदान बरोबर होतं. मी ती घेतली नव्हती, कारण मला भूकच लागली नव्हती. सहा महिने पायांचा सराव केला होता, पोटाचा एक दिवसही नाही. आमच्यासारख्या हौशी लोकांचं बहुतेक वेळा इथेच चुकतं. त्यामुळे हा लेख 'काय खावं' याच्यापेक्षा 'कधी, किती आणि कशाची सवय करून' याबद्दल जास्त आहे.

डबा आणि पंगत

आधी हिशेब मांडू. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी २,७०० च्या वर कॅलरी लागतात आणि हाफला त्याच्या निम्म्या. वेग कमी-जास्त झाला तरी हा आकडा फार हलत नाही.

हे इंधन येतं मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक चरबी. अगदी सडपातळ माणसाच्या अंगावरही आठ-दहा किलो चरबी असते आणि तिच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात. म्हणजे हे कोठार तसं संपणारं नाही. दुसरं ग्लायकोजेन. भात, पोळी, साखर असं जे पिष्टमय आणि गोड आपण खातो, त्याचं रूपांतर करून शरीर ते स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवतं. हा साठा मात्र बेताचा असतो. सगळा मिळून ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरी.

मग चरबीवरच का धावू नये? कारण चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो आणि ती संथ जळते. आरामात चालताना शरीर चरबीला हात घालतं. वेग वाढवला की ते ग्लायकोजेनकडे वळतं. मॅरेथॉनच्या वेगाला खर्चाचा मोठा वाटा ग्लायकोजेनचाच असतो. तो तीन-चतुर्थांश धरला तर २,००० कॅलरी होतात. म्हणजे जेवढा साठा तेवढाच खर्च, आणि तोही साठा सकाळी काठोकाठ भरलेला असेल तरच. पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास मेन स्विच पडतो तो या गणितामुळे.

हाफ मॅरेथॉन आपल्याला फसवते तीही इथेच. एकवीस किलोमीटरला लागणारं ग्लायकोजेन आधीच्या दिवशी नीट जेवलेल्या माणसाच्या अंगात असतंच. त्यामुळे काहीही न खाता हाफ निघून जाते आणि "आपल्याला नाही लागत बुवा जेलबिल" असा एक फाजील आत्मविश्वास येतो. साताऱ्याची हिल मॅरेथॉन मी असाच दोन वेळा केवळ पाण्यावर धावलो. यवतेश्वरचा घाट चढून उतरलो, खाली येऊन कंदी पेढे खाल्ले आणि समजलो की फुल म्हणजे हेच दोनदा करायचं.

अजून एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. स्नायूंमधला साठा हा ज्याच्या त्याच्या डब्यासारखा असतो. मांडीच्या स्नायूतलं ग्लायकोजेन मांडीच वापरणार. तिचा डबा संपला तर दंडाच्या स्नायूतलं तिला मिळत नाही, कारण तिथली साखर रक्तात सोडण्याची सोयच स्नायूंकडे नाही. यकृताचं मात्र पंगतीसारखं आहे. तिथून साखर रक्तात वाढली जाते आणि मेंदूपासून सगळ्यांना मिळते. पण पंगतीचं हे पातेलं लहान असतं, जेमतेम १०० ग्रॅमचं, आणि रात्रभराच्या झोपेत त्यातलं बरंचसं उपसलं जातं. पहाटे पाचच्या शर्यतीआधी काहीतरी खायचं ते याच पातेल्यात भर घालण्यासाठी.

हे ज्ञान तसं जुनं आहे. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनला डॉक्टरांनी शर्यत संपवून आलेल्या काही धावपटूंच्या रक्तातली साखर मोजली. ज्यांची अवस्था वाईट होती, त्यांचीच साखर घसरलेली निघाली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आधी पिष्टमय जेवण आणि वाटेत गोळ्या खायला लावल्या, तर बहुतेकांची साखर आणि तब्येत दोन्ही शाबूत राहिली. पुढे १९६६ मध्ये स्वीडनमधल्या बेर्यस्ट्रोम आणि हुल्टमन या दोघांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने, दमेपर्यंत पॅडल मारलं. दुसरा पाय आरामात. नंतर तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण. मांडीत सुई घालून स्नायूचा तुकडा काढून पाहिला, तर दमलेल्या पायात आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट ग्लायकोजेन भरलेलं! माणूस एक, जेवण एक, तरी साठा वेगळा. रिकाम्या झालेल्या स्नायूला भरून घ्यायची ओढ असते, हे त्यातून कळलं. शर्यतीआधी हा साठा काठोकाठ भरून घेण्याला आज 'कार्ब लोडिंग' म्हणतात, त्याची सुरुवात तिथली.

शर्यतीच्या आधीचे दोन दिवस

कार्ब लोडिंग म्हणजे आदल्या रात्री पास्त्यावर ताव मारणं, हा गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलाय. एका जेवणात साठा भरत नाही. भरतं ते उलट पोट, आणि पहाटे शौचाच्या रांगेत तुम्ही सर्वात पुढे असता. शिफारस अशी की दीड तासापेक्षा जास्त चालणाऱ्या शर्यतीआधीचे ३६ ते ४८ तास दिवसाला दर किलो वजनामागे १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे अन्नातलं पिष्ट आणि साखर, घ्यावीत. ६५ किलोच्या माणसाला हे ६५० ग्रॅमच्या पुढे जातं. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम असतात, यावरून अंदाज करा. मला ते कधीच पूर्ण जमलेलं नाही. किलोमागे आठ ग्रॅमपर्यंत पोचलो तरी मी खूश असतो.

जमवायची युक्ती ही की ताटातला भाग वाढवायचा नाही, बदलायचा. भाजी, कोशिंबीर, उसळ, तूप-तेल कमी आणि भात, पोहे, बटाटा, साखर-गूळ जास्त. भाकरीऐवजी भात, कारण या दोन दिवसांत तंतुमय पदार्थ पोटात नुसती जागा अडवतात. दहीभात, वरणभात-लिंबू, गुरगुट्या भात-मीठ असं आजारी माणसाचं जेवण वाटेल ते सगळं चालतं. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांत नुकतीच झालेली असते आणि घरोघरी गूळपोळ्यांचे डबे असतात. शुक्रवारी दोन गूळपोळ्या खुशाल खा. शनिवारी रात्री नको. तिळाचं तेल आणि वरचं तूप पोटात तळ ठोकून बसतं.

या दोन दिवसांत वजनकाटा किलो-दीड किलो वर सरकतो. घाबरू नका. एक ग्रॅम ग्लायकोजेन साठताना सोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ते पाणीच आहे, आणि पुढे उपयोगाचं आहे.

शर्यतीच्या सकाळी दोन-तीन तास आधी उठून खायचं. पहाटे पाचच्या शर्यतीला म्हणजे अडीचला! जमत नसेल तर निदान तास-दीड तास आधी, हलकं. मी दोन केळी, जॅम लावलेले दोन ब्रेडचे तुकडे आणि कपभर गोड चहा घेतो. चहाने पोट साफ होतं आणि त्यातलं कॅफीन थोडं कामालाही येतं. घरी रोज चहा न पिणाऱ्याने तो शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नये.

धावताना खाणं, म्हणजे खरी मेख

एक तासाच्या आतली धाव असेल तर खायची गरज नाही. पाणी पुरे. त्यापुढे, अडीच तासांपर्यंत, दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. त्याहून लांबच्या प्रकाराला ९० ग्रॅमपर्यंत नेता येतं, पण एका अटीवर.

अट समजायला आतड्यात डोकवावं लागेल. लहान आतड्याच्या भिंतीत साखरेला आत घेणारी दारं असतात. ग्लुकोजचं दार वेगळं, फ्रुक्टोजचं वेगळं. ग्लुकोजच्या दारातून तासाला साधारण ६० ग्रॅमच आत जाऊ शकतं. त्याहून जास्त खाल्लं तर उरलेलं बाहेर तुंबतं, आतड्यात पाणी ओढून घेतं आणि मग पोटात कळ, मळमळ, झाडीकडे पळापळ. पण सोबत फ्रुक्टोज असेल तर ते दुसऱ्या दारातून आत जातं आणि एकूण पुरवठा वाढतो. महागड्या जेलच्या पाकिटावर माल्टोडेक्स्ट्रिन (म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या) आणि फ्रुक्टोजचं जे प्रमाण छापलेलं असतं, त्याचं गुपित एवढंच आहे. आपली साधी साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोजच असते. गूळ मुख्यतः तीच. दुकानातली ग्लुकोज पावडर मात्र एकाच दारावर गर्दी करते.

आता आकडे ताटात आणू. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास, साध्या खजुराच्या एका फळात पाच-सहा, दहा ग्रॅम गुळाच्या खड्यात नऊ-साडेनऊ, एका जेलमध्ये बहुधा २० ते २५. म्हणजे तासाला दोन जेल, किंवा एक जेल आणि चार खजूर. माझी पद्धत अशी: आदल्या रात्री खजुराच्या बिया काढायच्या, प्रत्येकाचे उभे दोन तुकडे करायचे, त्यावर चिमटीभर मीठ भुरभुरायचं आणि पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सुटे सुटे ठेवायचे. एकावर एक ठेवले तर त्यांचा गोळा होतो आणि धावता धावता घामट बोटांनी तो सोडवताना माणूस शिव्या देतो. मिठाचं कारण चव. तिसऱ्या तासाला गोड तोंडासमोर नकोसं होतं, तेव्हा तेवढा खारटपणा घास खाली उतरवतो.

शेंगदाण्याची चिक्की? सायकलवर हो, धावताना नाही. दाण्यातलं तेल पोट सावकाश रिकामं होऊ देतं, आणि धावताना ते सगळं वर-खाली हिंदकळत असतं. सायकलवाल्यांची गोष्ट निराळी. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात, वेग मध्यम, पोट स्थिर. तिथे साबुदाण्याची खिचडी, इडली, दहीभात, वाटेतल्या रसवंतीतला बिनबर्फाचा उसाचा रस असं सगळं चालतं. ग्लासभर रसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर येते. दोन हातांनी ग्लास धरून, घुंगरांचा आवाज ऐकत पाच मिनिटं सावलीत बसायचं सुख त्यात जमा धरलेलं नाही.

बटाट्याचंही असंच. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या ९० किलोमीटरच्या आसपासच्या शर्यतीत वाटेतल्या खाण्यापिण्याच्या टेबलांवर उकडलेले बटाटे आणि मीठ ठेवलेलं असतं. आपल्याकडून तिथे जाणारे बरेच आहेत, ते हे हमखास सांगतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २०१९ मध्ये बारा सायकलपटूंवर हे तपासलं गेलं. तेवढीच कर्बोदकं जेलमधून घेतली काय नि बटाट्याच्या लगद्यातून घेतली काय, कामगिरी सारखीच. नुसत्या पाण्यापेक्षा दोन्ही सरस. पण बटाट्याने पोट जास्त फुगलं आणि दुखलं, कारण तेवढ्या साखरेसाठी लगदा खूपच जास्त खावा लागतो. जेलचा फायदा आहे तो हा, आटोपशीरपणाचा. त्यात जादू नाही, आणि ते घेणं हा कमीपणाही नाही. 'घरचं तेच चांगलं' हा हट्ट मी दोन वर्षं धरला, आता धरत नाही.

आणि वेळ. भूक लागायची वाट पाहिली की उशीर झालाच. धावताना रक्ताचा मोठा ओघ पोटाकडून स्नायूंकडे वळतो, भुकेची जाणीव दबते आणि उशिरा खाल्लेलं लवकर अंगी लागत नाही. मी घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावतो. पहिला गजर वाजतो तेव्हा मी मजेत असतो, काही खावंसं वाटत नाही. तरी खातो.

हे सगळं शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करू नये, हे सगळेच सांगतात. का करू नये ते कमी जण सांगतात. आतड्यातली ती दारं सवयीने वाढतात. नियमित जास्त कर्बोदकं घेणाऱ्या शरीरात ग्लुकोज आत घेणारी यंत्रणा जास्त तत्पर होते. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या एका प्रयोगात दोन आठवडे धावतानाच खाण्याचा सराव केलेल्यांचा पोटाचा त्रास लक्षणीय कमी झाला. म्हणून रविवारच्या लाँग रनला तासाला ३० ग्रॅमने सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. पहिले दोन रविवार ढेकरा येतील. येऊ द्या.

"किती पांचट केलंस रे हे!"

असं आई म्हणाली, माझ्या बाटलीतलं चाखून. एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, दोन लिंबं, पाव चमचा मीठ. घरच्या लिंबू सरबतापेक्षा हे फिकंच लागतं, आणि ते मुद्दाम. साखर सहा टक्क्यांच्या आसपास असलेलं पाणी पोटातून भरभर पुढे सरकतं. पाकासारखं दाट केलं तर तिथेच रेंगाळतं. म्हणून जेल घेतलं की वर साधं पाणी प्यावं, गोड पाणी नाही.

ओआरएसबद्दल एक घोटाळा दूर करतो. बरेच जण लाँग रनला बाटलीत ओआरएस घालतात आणि समजतात की खाण्याचंही काम झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. म्हणजे ५४ कॅलरी, तीन लहान चमचे साखरेएवढी. ते जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायला बनवलंय. मिठासाठी ठीक, पण इंधन म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

पाणी किती प्यावं, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. ते काढायचा उपाय मात्र घरातच आहे. मागच्या मे महिन्यात मी असं केलं. धावायच्या आधी लघवीला जाऊन, उघड्या अंगाने वजन: ६४.२ किलो. दीड तास धावलो, वाटेत अर्धा लिटर पाणी प्यालो. परत येऊन अंग खसाखसा पुसून वजन: ६२.९. म्हणजे १.३ किलो घटलं, त्यात प्यालेलं अर्धा किलो मिळवलं तर १.८ लिटर घाम दीड तासात. तासाला १.२ लिटर. जानेवारीत हाच आकडा पाऊण लिटरच्या खाली येतो. एवढं सगळं भरून काढायचं नसतं. थोडी घट चालते. पण आकडा माहीत असला की अंदाजपंचे पिणं थांबतं. सोबत काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटत असतील, तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे. बाटलीत चिमूट वाढवा.

कमी पिण्याची भीती सगळ्यांनाच असते. जास्त पिण्याची नसते, आणि हौशी धावपटूला ती असायला हवी. दर टेबलावर थांबून साधं पाणी ढोसत गेलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं जड होतं, मळमळतं, माणूस बरळतो आणि अगदी टोकाला गेलं तर जीव जाऊ शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. धोका जास्त होता तो शर्यतीत वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना. म्हणजे आपल्यासारख्यांनाच. जो पाच-साडेपाच तास रस्त्यावर असतो, त्याच्याकडे पाणी प्यायला वेळही भरपूर असतो. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही नक्की जास्त प्यालात.

एरवीचं ताट

शर्यतीचे दिवस वर्षात दोन-चार. उरलेल्या दिवसांत आपण काय खातो, यावर सराव अंगी लागणार की नाही ते ठरतं. केनियाच्या अव्वल धावपटूंच्या जेवणाचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या कॅलरींपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त कर्बोदकांतून येत असल्याचं दिसलं. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पालेभाजी, भात, बटाटा आणि भरपूर साखर घातलेला दुधाचा चहा. आपल्या भाकरी-भाजी-चहापासून हे फार लांब नाही. कीटोवर, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करून चरबीवर, धावण्याचं खूळ मध्यंतरी बरंच चाललं. ऑस्ट्रेलियात लुईझ बर्क यांच्या चमूने उच्च दर्जाच्या चालपटूंवर (चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर) ते तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. चरबी जास्त जळू लागली खरी, पण त्याच वेगाला प्राणवायू जास्त लागू लागला आणि शर्यतीतली वेळ सुधारली नाही.

कर्बोदकांची आपल्याला ददात नाही. तूट असते ती प्रथिनांची, खास करून शाकाहारी घरात. नियमित लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्याला दर किलोमागे १.२ ग्रॅम ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोला १.४ ने धरलं तरी ९० ग्रॅम. पोहे, चार पोळ्या, दोन वाट्या वरण, एक वाटी उसळ, थोडा भात, दही आणि दोन चहा असा माझा जुना दिवस मोजला, तर तो ५० च्या आसपास थांबला. आता उसळ दोन वाट्या, सकाळी दोन अंडी, संध्याकाळी पनीर नाहीतर भिजवलेल्या सोयाबीन वड्यांची भाजी. पावडरचा डबा लागलाच तर घ्या, पण ताट बदलल्यावर.

बायकांसाठी दोन गोष्टी, आणि या हलक्यात घेऊ नका. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं. वेग विनाकारण घसरत असेल, जिन्यात दम लागत असेल, तर बूट बदलण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) तपासा. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, तो तासभर लांबवा. जेवणात लिंबू पिळा. दुसरं, सराव वाढवल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर त्याचा अर्थ 'शरीर फिट झालं' असा नाही. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडतंय. शरीर मग एकेक खातं बंद करत जातं आणि हाडांची वेळ आली की बारीक भेगा पडतात. पुरुषांमध्येही हे होतं, फक्त तिथे पाळीसारखा ठळक इशारा नसल्यामुळे उशिरा कळतं. वजन उतरवायचं असेल तर ते शर्यतीपासून लांबच्या महिन्यांत, हळूहळू. उपाशीपोटी लाँग रन हा त्याचा मार्ग नव्हे. मधुमेह असलेल्यांनी तर इथले सगळे आकडे आधी आपल्या डॉक्टरांसमोर ठेवावेत.

राहता राहिलं धावून आल्यानंतरचं. "अर्ध्या तासात खाल्लं नाही तर सगळं वाया" हे ऐकलं असेलच. त्याच दिवशी पुन्हा व्यायाम करायचा असेल तर घाई खरी, दर तासाला दर किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. पण पुढची धाव मंगळवारी असेल तर दिवसभराच्या साध्या जेवणातून साठा भरतोच. थोडं मीठ घातलेलं ताक, एक-दोन केळी आणि घरी जाऊन आंघोळ, एवढं तातडीचं.

आमच्या ग्रुपमध्ये मात्र रविवारी चौदावा किलोमीटर उलटला की एकच प्रश्न असतो, मिसळ कुठे? मी पूर्वी यावर नाक मुरडायचो. आता ताट नीट पाहिलं तर मटकीची उसळ आहे, पाव आहे, फरसाणात मीठ आहे, वर लिंबू आहे. तर्री तेवढी वेगळी मागवायची. धावून आल्या आल्या पोट अजून रुसलेलं असतं, म्हणून तासभर थांबायचं. तेवढा वेळ तसाही रांगेत जातोच.